हाताने फोकस करावयाच्या जुन्या लेन्स आणि आधुनिक डिजिटल कॅमेरा : साक्री परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
फिल्मचा काळ संपल्यावर गावोगावच्या छायाचित्रण-स्टुडिओंतील जुन्या लेन्स निरुपयोगी समजून कपाटात ठेवल्या गेल्या. आरसारहित डिजिटल कॅमेऱ्यांमुळे या लेन्सना पुन्हा उपयोग प्राप्त झाला आहे. प्रस्तुत लेखात जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसण्यामागील तत्त्व, तिच्या वापराची पद्धत, गुण, मर्यादा आणि जतन यांचा विचार केला आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात मंदिरशिल्पे, गढी-किल्ले आणि जुने कागद अशा स्थिर विषयांचे दस्तऐवजीकरण मोठ्या प्रमाणावर व्हावयाचे आहे. अशा कामासाठी जुनी लेन्स हे अल्पखर्चाचे परंतु भरवशाचे साधन ठरू शकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : जुनी लेन्स, हाताने फोकस, ॲडॅप्टर, आरसारहित कॅमेरा, बळसाणे, दस्तऐवजीकरण, बुरशी.

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी छायाचित्रणाचा स्टुडिओ ही एक प्रतिष्ठित जागा होती. पेंटॅक्स, याशिका, निकॉन, प्रॅक्टिका किंवा सोव्हिएत बनावटीचा झेनिट यांपैकी एखादा कॅमेरा, त्याची ५० मिमीच्या आसपासची लेन्स आणि अंधाऱ्या खोलीतील एन्लार्जर एवढ्या भांडवलावर लग्नाचे अल्बम, शाळेचे गटफोटो आणि ओळखपत्रांची छायाचित्रे तयार होत. पेंटॅक्सच्या 'के १०००' या साध्या, पूर्णपणे हाताने चालविण्याच्या कॅमेऱ्याचे उत्पादन १९७६ ते १९९७ अशी सुमारे दोन दशके चालू होते, यावरून या साधनांचा टिकाऊपणा लक्षात येतो.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे चित्र बदलले. निकॉन कंपनीने जानेवारी २००६ मध्ये आपल्या बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. फिल्म धुणे, छापणे परवडेनासे झाले आणि जुना कॅमेरा बाजूला पडला. त्याच्याबरोबर त्याची लेन्सही बाजूला पडली. वास्तविक कालबाह्य झाली होती ती फिल्म, लेन्स नव्हे. प्रकाश वळवून प्रतिमा निर्माण करणे हे लेन्सचे कार्य असून ती प्रतिमा फिल्मवर पडते की इलेक्ट्रॉनिक संवेदकावर, याने त्या कार्यात मूलतः फरक पडत नाही. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे उत्तम प्रतीची काच आजही अनेक ठिकाणी पावसाळ्यामागून पावसाळे बुरशी खात पडून आहे.

लेन्स बसण्याचे गणित :
प्रस्तुत लेखात 'भिंग' हा शब्द एका काचेसाठी आणि 'लेन्स' हा शब्द अनेक भिंगे, छिद्राची पाती व फोकसचे कडे यांच्या संपूर्ण जुळणीसाठी वापरला आहे. कोणतीही लेन्स कॅमेऱ्याच्या ज्या धातूच्या कड्यावर बसते त्यास माउंट म्हणतात. माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्म किंवा संवेदकापर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत निश्चित केलेले असते. संपूर्ण विषयाची गुरुकिल्ली या एका अंतरात आहे.

४२ मिमी व्यासाच्या आट्यांचे 'एम ४२' माउंट १९४९ मध्ये पूर्व जर्मनीतील कॅमेऱ्यांबरोबर बाजारात आले व पुढे पेंटॅक्स, प्रॅक्टिका, झेनिट अशा अनेकांनी ते स्वीकारले. त्याचे हे अंतर ४५.४६ मिमी आहे. १९५९ मध्ये आलेल्या निकॉन एफ पद्धतीत ते ४६.५ मिमी, कॅननच्या जुन्या एफडी पद्धतीत ४२ मिमी, तर १९८७ मध्ये आलेल्या कॅनन ईएफ पद्धतीत ४४ मिमी आहे. या सर्व कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा असे. त्याला जागा ठेवणे भाग असल्याने हे अंतर चाळीस मिमीहून अधिक राहिले.

२००८ मध्ये पॅनासॉनिकने लेन्स बदलता येणारा पहिला आरसारहित डिजिटल कॅमेरा बाजारात आणला. २०१३ मध्ये सोनीने ३६ × २४ मिमी, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या संवेदकाचे असे कॅमेरे आणले आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन यांनीही तोच मार्ग धरला. आरसा गेल्याने अंतर कमी झाले. ते सोनी ई पद्धतीत १८ मिमी, निकॉन झेड पद्धतीत १६ मिमी आणि कॅनन आरएफ पद्धतीत २० मिमी आहे. जुन्या लेन्सला जेवढे अंतर हवे त्यातून नव्या कॅमेऱ्याचे अंतर वजा केले की मधल्या नळीची लांबी मिळते. उदाहरणार्थ, एम ४२ लेन्स सोनी ई कॅमेऱ्यावर बसविण्यासाठी ४५.४६ − १८ = २७.४६ मिमी लांबीची धातूची नळी पुरते. हीच नळी म्हणजे ॲडॅप्टर. तीत काच नसते, विद्युत-जोडणी नसते आणि बिघडण्यासारखेही फारसे काही नसते.

आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक जोडीचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. कॅनन ईएफ कॅमेऱ्यावर एम ४२ लेन्स १.४६ मिमी जाडीच्या पातळ कड्याने बसते. परंतु कॅननचीच जुनी एफडी लेन्स त्याच कॅमेऱ्यावर नीट चालत नाही, कारण तिला ४२ मिमी अंतर हवे असते आणि कॅमेऱ्याचे अंतर मुळातच ४४ मिमी आहे. निकॉनच्या आरसायुक्त कॅमेऱ्यावर एम ४२ लेन्स बसविल्यास १.०४ मिमीचा फरक शिल्लक राहतो. हा फरक किरकोळ वाटतो. तथापि, कड्याची जाडी शून्य धरली तरी ५० मिमीच्या लेन्सने अशा जोडणीत सुमारे अडीच मीटरपलीकडचे काहीही स्पष्ट टिपता येत नाही. समोर बसलेल्या व्यक्तीचे छायाचित्र येईल, पण भामेरच्या किल्ल्याचा डोंगर पायथ्यावरून टिपता येणार नाही.

याच कारणाने ॲडॅप्टरची अचूकता महत्त्वाची ठरते. तो ०.१ मिमीने जाड झाला, तर ५० मिमी लेन्सची स्पष्टतेची अंतिम मर्यादा सुमारे २५ मीटरवर येते. म्हणूनच अनेक उत्पादक ॲडॅप्टर किंचित पातळ ठेवतात. परिणामी लेन्सवरील 'अनंत' चिन्ह येण्यापूर्वीच दूरचे दृश्य स्पष्ट होते. जुन्या लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे नव्या कॅमेऱ्यावर प्रमाण मानू नयेत, तर डोळ्यांनी पाहूनच फोकस निश्चित करावा.

वापराची पद्धत :
अशा लेन्सशी कॅमेऱ्याचा कोणताही संवाद होत नसल्याने 'लेन्सविना शटर' ही सोय कॅमेऱ्याच्या यादीतून प्रथम चालू करावी लागते, अन्यथा अनेक कॅमेरे छायाचित्रच घेत नाहीत. छिद्राचा आकार लेन्सवरील कड्याने ठरवावा. त्या छिद्रातून येणारा प्रकाश कॅमेरा प्रत्यक्ष मोजतो आणि शटरचा वेग स्वतः ठरवू शकतो. म्हणजेच प्रकाशमापनाची जुनी अडचण येथे उरत नाही. कॅमेऱ्याच्या आत कंपन रोखण्याची यंत्रणा असल्यास तीत लेन्सचे नाभीय अंतर हाताने नोंदवावे. लेन्स बदलल्यावर हा आकडा बदलावयाचा राहिला तर यंत्रणा चुकीच्या प्रमाणात काम करते व छायाचित्र हलल्यासारखे दिसते.

फोकससाठी दोन साधने उपलब्ध असतात. स्पष्ट कडांभोवती रंगीत रेषा दाखविणे हे पहिले आणि दृश्याचा एखादा भाग पाच ते दहा पट मोठा करून दाखविणे हे दुसरे. रंगीत रेषा जलद असतात, परंतु छिद्र मोठे असताना त्या फसवितात. दृश्य मोठे करून पाहणे सावकाशीचे असले तरी खात्रीचे आहे. जुन्या लेन्सचे फोकस-कडे बराच मोठा कोन फिरते, त्यामुळे सूक्ष्म फेरफार हाताला जाणवतो. ही सोय स्वयंचलित लेन्सच्या कड्यात क्वचितच आढळते.

स्पष्टतेची खोली किती मिळते याचा अंदाज पुढील उदाहरणावरून येईल. ५० मिमी लेन्स, फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक आणि दोन मीटरवरील विषय घेतल्यास एफ/२ छिद्राला सुमारे १९ सेंमी, तर एफ/८ छिद्राला सुमारे ७८ सेंमी खोली स्पष्ट दिसते. ही गणना ०.०३ मिमी या परंपरागत निकषावर आधारलेली आहे. २४ मेगापिक्सेलच्या अशा संवेदकावर तेवढ्या लांबीत पाच पिक्सेल मावतात. त्यामुळे संगणकावर चित्र पूर्ण मोठे करून पाहिल्यास स्पष्टतेचा पट्टा याहून अरुंद भासतो. फिल्मच्या काळी खपून जाणारी फोकसची चूक आज उघडी पडते, ती याच कारणाने.

संवेदक लहान असल्यास दृश्यकोनही बदलतो. सुमारे २३.५ × १५.६ मिमी आकाराच्या संवेदकावर ५० मिमीची लेन्स फिल्मवरील ७५ मिमी लेन्सएवढेच दृश्य दाखविते. व्यक्तिचित्रासाठी हे सोयीचे, परंतु अरुंद गाभाऱ्यात गैरसोयीचे होते.

गुण आणि मर्यादा :
जुनी लेन्स नव्या लेन्सपेक्षा श्रेष्ठ असते, हा समज भावनेतून येतो, प्रयोगातून नव्हे. नवी भिंगे संगणकाच्या साहाय्याने आखलेली असतात, त्यांवर परावर्तनरोधक लेपांचे अनेक थर असतात आणि कडेपर्यंतची स्पष्टता सामान्यतः अधिक असते. लेपाचे तंत्र झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधले. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. सहा सुट्या भिंगांच्या बारा पृष्ठभागांतून गेल्यावर मूळ प्रकाशाचा सुमारे ६० टक्केच भाग सरळ पार पडतो. उरलेल्यापैकी काही प्रकाश आतल्या आत फिरून चित्रावर पांढुरकी झाक आणतो. एकेरी लेपाच्या जुन्या लेन्समध्ये हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही. खानदेशातील प्रखर उन्हात म्हणूनच लेन्सच्या तोंडाला सावली देणारे हूड अत्यावश्यक ठरते.

तथापि, ५० मिमीच्या साध्या जुन्या लेन्समध्ये तीन गुण ठळकपणे आढळतात. तिच्यात सरळ रेषा फारशा वाकत नाहीत. एफ/५.६ ते एफ/८ या छिद्रांना तिची स्पष्टता बहुतेक कामांस पुरेशी होते. आणि ती पूर्ण उघडी असताना पुष्कळ प्रकाश घेते. एफ/१.४ लेन्स एफ/५.६ च्या तुलनेत सोळापट प्रकाश आत सोडते. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या झूम लेन्सचे लांब टोकाचे छिद्र सामान्यतः एफ/५.६ असते, हे ध्यानात घेतल्यास या गुणाचे मोल कळते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. वरातीत चालणारी माणसे, कबड्डीचा सामना, धावणारी मुले येथे हाताने फोकस करणे अनुभवी व्यक्तीलाही कठीण जाते. व्यावसायिक लग्नकामात, जेथे क्षण पुन्हा येत नाही, तेथे केवळ जुन्या लेन्सवर विसंबणे योग्य नाही. पश्चिम साक्रीतील आदिवासी समाजात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. पावरीच्या सुरावर रात्री फेर धरला जातो. अशा अंधुक उजेडात मोठ्या छिद्राची लेन्स उपयुक्त वाटते खरी, पण तेथेच स्पष्टतेची खोली वीतभर उरते आणि माणसे हलत असतात. पूर्वीचे छायाचित्रकार यावर एकच उपाय योजीत. एका ठरावीक जागेवर आधी फोकस करून ठेवायचा आणि माणूस तेथे पोहोचताच शटर दाबायचे. तो उपाय आजही लागू पडतो, मात्र वाया जाणाऱ्या छायाचित्रांची संख्या मोठी राहते.

साक्री परिसरातील उपयोग :
जुन्या लेन्सचा खरा उपयोग विषय स्थिर असेल तेथे आहे आणि असे विषय या परिसरात विपुल आहेत. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मध्ययुगीन मंदिरसमूहाची दखल हेन्री कझेन्स यांनी 'मिडीव्हल टेम्पल्स ऑफ द दख्खन' या १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घेतली आहे. ऊन, पाऊस व वारा यांनी दगडावरील कोरीवकाम सतत झिजत असते. त्यामुळे आज घेतलेले स्पष्ट छायाचित्र हा उद्याचा पुरावा असतो. मूर्ती हलत नाही, म्हणून तिपाईवर कॅमेरा ठेवून, दृश्य मोठे करून, एफ/८ ला सावकाश फोकस करता येतो. सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन पडले असता उठाव उमटून दिसतो. कॅमेरा शिल्पाच्या प्रतलाला समांतर ठेवावा, प्रमाणपट्टी चौकटीत घ्यावी आणि संरक्षित स्मारक असल्यास तिपाईसाठी आवश्यक ती परवानगी आधी मिळवावी.

दुसरे क्षेत्र जुन्या कागदांचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळे येथे निधन झाल्यावर त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. ऐतिहासिक कागद जपण्याची परंपरा धुळे जिल्ह्यास नवी नाही. तथापि गावोगावच्या घरांत आजही मोडी कागद, वतनाच्या नकला, जमाखर्चाच्या वह्या कसरीच्या भक्ष्यस्थानी पडत आहेत. सामान्य लेन्स जवळून वापरल्यास कागदाचा मध्य स्पष्ट व कोपरे पुसट येतात. यासाठी सपाट पृष्ठभाग काठापर्यंत स्पष्ट टिपणारी लेन्स लागते. निकॉनची पहिली मायक्रो-निक्कोर लेन्स १९५६ मध्ये आली, ती मुख्यत्वे याच गरजेतून. जपानी लिपीतील गुंतागुंतीची अक्षरे मायक्रोफिल्मवर वाचण्याजोगी उतरावीत, हा तिचा हेतू होता. पुढे आलेल्या ५५ मिमीच्या मायक्रो-निक्कोर लेन्स आजही जुन्या बाजारात मिळतात. जपानी अक्षरांसाठी आखलेली काच मोडीच्या वळणांनाही तितकीच उपयोगी पडते. कागद सपाट ठेवून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखा प्रकाश देऊन व कॅमेरा कागदाशी समांतर ठेवून हे काम महाविद्यालयातील विद्यार्थीही करू शकतात.

एन्लार्जरची लेन्सही विसरता कामा नये. तीही सपाट प्रतलासाठीच बनविलेली असते. तिच्यात फोकसचे कडे नसल्याने ती बेलो किंवा लांबी बदलणाऱ्या नळीवर बसवावी लागते. तशी बसविल्यास पिकांवरील किडी, बियाणे, नाणी यांची जवळून छायाचित्रे घेता येतात. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विभागांना त्याचा उपयोग होईल.

स्थिर विषय, मोजका प्रकाश आणि सावकाश फोकस ही कार्यपद्धती खानदेशास परकी नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आपल्या घरातच साध्या वस्तूंची मांडणी करून टेबलटॉप छायाचित्रणात ख्याती मिळविली. साधनांच्या झगमगाटापेक्षा पाहण्याच्या शिस्तीला महत्त्व असते, याचे त्यांचे कार्य हे याच भूमीतील उदाहरण होय.

परीक्षण व जतन :
कपाटातील लेन्स वापरण्यापूर्वी तिची तपासणी करावी. मागून विजेरीचा प्रकाश टाकून पुढून पाहिल्यास बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. दमट हवेत, विशेषतः आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांहून अधिक काळ राहिल्यास, बुरशी वाढते. साक्री तालुक्याचा पूर्व भाग कोरडा असला तरी पिंपळनेरच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पावसाळा जोरदार असतो. कातडी पिशवीत बंद करून ठेवलेली लेन्स तेथे सर्वाधिक धोक्यात असते. ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी व आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. बुरशी वेळीच साफ करता येते, परंतु तिच्या आम्लाने लेप कोरला गेला असल्यास तो डाग कायमचा राहतो.

उन्हाळ्याचा धोका वेगळा आहे. तापमान ४० अंशांपलीकडे गेल्यावर फोकस-कड्यातील जुने वंगण पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरते. पाती तेलकट झाली की छिद्र बदलताना ती मंदावतात किंवा चिकटतात. उन्हात उभ्या वाहनात लेन्स ठेवू नये. काही जुन्या लेन्समध्ये, उदाहरणार्थ ताकुमार मालिकेतील काहींमध्ये, थोरियमयुक्त काच आहे व ती कालांतराने पिवळी पडते. अतिनील प्रकाशाने तो पिवळेपणा बराच कमी होतो. या काचेत अल्प किरणोत्सार असतो. ती वापरण्यास भीती नाही, मात्र भिंग फोडू किंवा घासू नये.

आणखी एक दक्षता दस्तऐवजीकरणाशी निगडित आहे. जुनी लेन्स आपले नाव व छिद्राचा आकडा कॅमेऱ्यास कळवीत नाही, त्यामुळे ही माहिती छायाचित्राच्या नोंदीत येत नाही. दिनांक, स्थळ, लेन्स, छिद्र व विषयाचे माप यांची वही हाताने ठेवावी. नोंदीवाचून काढलेले शिल्पाचे छायाचित्र काही वर्षांनी कोणत्या मंदिराचे, हे सांगणेही अवघड होते.

निष्कर्ष :
१. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालेल की नाही, हे प्रामुख्याने माउंट ते संवेदक या अंतरावर ठरते. आरसारहित कॅमेऱ्यांत ते कमी असल्याने बहुतेक जुन्या लेन्स काचविरहित साध्या नळीने बसविता येतात.
२. अशी लेन्स नव्या लेन्सची सर्वस्वी जागा घेऊ शकत नाही. गतिमान विषय व व्यावसायिक लग्नकाम यांसाठी स्वयंचलित फोकसच योग्य होय.
३. मंदिरशिल्पे, कागदपत्रे, नाणी, वनस्पती व कीटकांचे नमुने अशा स्थिर विषयांसाठी ती पुरेशी अचूक आणि अल्पखर्चाची आहे.
४. परिसरातील बंद पडलेल्या स्टुडिओंतील लेन्स मिळवून, तपासून व स्वच्छ करून महाविद्यालयांनी त्यांचा छोटा संग्रह उभारल्यास विद्यार्थ्यांना प्रकाशविज्ञानाचे प्रात्यक्षिक आणि स्थानिक इतिहासाची नोंद ही दोन्ही कामे एकाच साधनाने साधता येतील.

बळसाण्याचा दगड झिजतो आहे, कपाटातील काचेवर बुरशी चढते आहे. दोन्हींचा ऱ्हास चालू असताना एकीचा उपयोग दुसऱ्याच्या रक्षणासाठी करणे शक्य आहे आणि त्यास मोठ्या निधीची नव्हे, वेळीच उचललेल्या पावलाची आवश्यकता आहे.